उजव्या पायाचा आकडा

"मॅडम, हा पट्टा मांडीला बांधून पाय तगडा होतो, तर गणित सुधारायला तो कुठे बांधायचा?"

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं आणि खिडकीकडे पाहिलं. काचेपलीकडे, दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या तिच्या मैत्रिणी, ढापणी आणि शिडी, एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांचीच होती. भिंगरीने विचारलं नसतं, तर आठवडाभर दोघींची दप्तरं तिला वाहावी लागली असती, आणि गुडघ्याची सबब चालणार नाही असं शिडीने आधीच बजावून ठेवलं होतं. वर्षभरापूर्वीची भिंगरी असती, तर तिने मुकाट्याने दप्तरं वाहिली असती. आताच्या भिंगरीला असले प्रश्न विचारायला फार आवडायचं.

फिजिओ मॅडम हसल्या नाहीत. भिंगरीच्या डाव्या मांडीवर, अगदी वरच्या बाजूला गुंडाळलेल्या काळ्या पट्ट्यात त्या हवा भरत होत्या. यंत्रावरचा काटा हव्या त्या जागी आल्यावर त्यांनी नळी काढली.

"गळ्याच्या वर काहीही बांधायचं नाही, हे आधी ऐक. आणि बाहेर बसलेल्या त्या दोन शास्त्रज्ञांनाही सांग, घरी दोऱ्या आवळून प्रयोग करायचे नाहीत. हे मोजून, बघून, ठरावीक वेळ करायचं काम आहे."

"सांगते. पण कुठे बांधायचा?"

"मांडीलाच. तुझा प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नाही. पाय एकटा कधीच तगडा होत नाही. चल, तीस."

भिंगरीने घोट्याला बांधलेलं वजन उचलायला सुरुवात केली. वजन कसलं, दोन पाण्याच्या बाटल्या होतील एवढंच. पहिले दहा हसत गेले. पंधराव्याला मांडीत ऊब आली, विसाव्याला विस्तव, आणि पंचविसाव्याला आपण हा पाय घेऊन जन्माला का आलो असं तिला वाटू लागलं.

"पट्ट्यामुळे पायातून परत जाणारं रक्त अडतं," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "आणि येणारं थोडं थोडं येत राहतं. स्नायू लवकर थकतो. थकला की वर मेंदूकडे बोंब मारतो. मेंदूला वाटतं, हा एवढा रडतोय म्हणजे काम मोठं असणार. मग तो झोपा काढणाऱ्या तंतूंनाही हाका मारून उठवतो. वजन एवढंसं, पण वरून हुकूम सुटतो मोठ्या वजनाचा."

"म्हणजे आपण मेंदूला गंडवतो."

"समजूत घालतो म्हण. गुडघा दुखावला की मेंदू मांडीचा आवाज बारीक करून ठेवतो. पुन्हा मोडू नये म्हणून. ऑपरेशन झालं, जखम भरली, तरी तो आवाज वाढवायला तयार नसतो. घाबरलेला असतो बिचारा. अठ्ठावीस. पाय पूर्ण सरळ कर."

"आणि गणित?" भिंगरीने दातओठ खात विचारलं.

"काही छोट्या प्रयोगांत दिसलंय, की या व्यायामानंतर लोकांनी लक्ष लावायच्या चाचण्या जरा भरभर सोडवल्या. काही प्रयोगांत काहीच फरक दिसला नाही. का होतं, किती वेळ टिकतं, नक्की कुणालाच माहीत नाही. त्यामुळे मी कुणाला ते आमिष दाखवत नाही. तीस. तीस सेकंद थांब. मग पंधरा."

भिंगरीने खिडकीकडे बघून दोन बोटं वर केली. पैज जिंकली होती.

खरी लढाई मात्र पुढेच होती. आज मोजणी होती.

आठ महिन्यांपूर्वी, रिलेत बॅटन घ्यायला वळताना भिंगरीचा डावा गुडघा असा काही फिरला, की आत दोरीसारखा असतो तो बंध तुटला. ऑपरेशन झालं. मग कुबड्या, मग काठी, मग या खोलीतला काळा पट्टा. शनिवारी संघाची निवड होती. चौघींची रिले, ढापणी पहिली, शिडी दुसरी, तिसरी वर्गाची मॉनिटर, आणि शेवटचा टप्पा भिंगरीचा. ती धावली नाही तर त्या जागी नववीतली एक मुलगी धावणार होती, आणि जिची निवड होईल तिची जागा वर्षभर पक्की. भिंगरीचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष होतं. प्रशिक्षकांची अट एकच होती, फिजिओचा कागद आणा. आणि फिजिओ मॅडमचीही अट एकच होती. दुखऱ्या पायाचा जोर चांगल्या पायाच्या नव्वद टक्के झाल्याशिवाय सही नाही. त्याआधी पळायला गेलेल्यांतले पुष्कळ जण तोच गुडघा घेऊन परत येतात, असं त्या सांगत.

नव्वद टक्के. भिंगरीने या आकड्यावर पुष्कळ विचार केला होता आणि दहा दिवसांपूर्वी, एका संध्याकाळी, तिला तो अचानक उलगडला होता.

तिचे बाबा वजनकाटे तपासायचे. गावोगावच्या दुकानांत जाऊन, वजनं उलटी करून बघून, खरी असतील त्यांच्यावर शिक्का मारायचे. संध्याकाळी जेवताना लबाड दुकानदारांच्या गोष्टी सांगायची त्यांना भारी हौस. त्या संध्याकाळी ते सांगत होते, "कच्चा चोर मालाला हात लावतो. मुरलेला चोर मालाकडे बघतसुद्धा नाही. तो वजनाच्या बुडातलं शिसं पोखरून काढतो. मग माल कितीही कमी असो, काटा सरळ." आई, जी दिवसभर प्रयोगशाळेत बसून लोकांच्या कवळ्या घडवायची आणि घरी येताना केसांतून थोडं प्लॅस्टर घेऊन यायची, ती म्हणाली होती, "जेवताना चोरांचं कौतुक पुरे." भिंगरीचा घास मात्र हातातच राहिला होता. डाव्या पायाचा जोर वाढवायला अजून महिना लागला असता. उजव्याचा कमी करायला काहीच लागत नव्हतं.

मॅडमनी पट्टा सोडला. पायात रक्त परत धावलं आणि भिंगरीला नेहमीसारखं वाटलं की कुणीतरी मांडीत गरम पाण्याचा नळ सोडलाय. दहा मिनिटं विश्रांती झाल्यावर त्या तिला मोजणीच्या खुर्चीत बसवायला घेऊन गेल्या. कमरेला पट्टा, घोट्याला पट्टा, आणि घोट्याच्या पट्ट्यातून एक तार समोरच्या पडद्याकडे.

"आधी डावा. मी 'ढकल' म्हटलं की जीव तोडून ढकलायचं."

भिंगरीने डाव्या पायाने जीव तोडून ढकललं. मान ताठ झाली, खुर्ची करकरली. पडद्यावरची रेघ चढत गेली आणि सदतिसावर थांबली.

"सदतीस," मॅडम म्हणाल्या. आवाजात खुशी लपत नव्हती. "चार महिन्यांपूर्वी अठरा होते."

"आता उजवा?"

"आता उजवा."

हे तिने घरी पलंगाच्या कडेला टाच लावून पुष्कळ वेळा करून पाहिलं होतं. चेहरा पूर्ण जोराचा, मान ताठ, श्वास रोखलेला, आणि पाय मात्र शंभरातले पंच्याऐंशी-नव्वदच. चेहऱ्याचं काम तिला चांगलं जमायचं. शाळेच्या नाटकात तिने एकदा मेलेल्या राजाचं काम केलं होतं आणि पूर्ण अंकात एकदाही पापणी हलू दिली नव्हती.

रेघ चढली. चाळिसावर थांबली.

मॅडमनी गणित केलं. भिंगरीने ते केव्हाच केलं होतं.

"साडेब्याण्णव टक्के," मॅडम म्हणाल्या, पण पेन उचललं नाही. त्यांनी फाईल मागे चाळली, एका पानावर बोट ठेवलं. "उजवा पाय चार महिन्यांपूर्वी शेहेचाळीस होता."

भिंगरीची नजर त्या बोटावर गेली. आपण एवढे तरबेज आणि फाईल विसरलो. जुना आकडा तिथे आयुष्यभर असणार, ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

"बसून राहिल्याने झालं असेल," ती म्हणाली.

"होऊ शकतं." मॅडम उठल्या. मग कपाटातून एक करडी पेटी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "मी शिकत होते ना, त्या प्रयोगशाळेतून उसनी आणलीय. आणखी एकदा ढकलशील? दोन्ही पाय. या वेळी मांडीवर या दोन चिकटपट्ट्या. तू जोर लावत असताना मधेच मी बारीकसा झटका देणार. मुंगी चावल्यासारखं वाटेल, मोठी मुंगी."

"झटका कशाला?"

"मेंदूने सगळा जोर पाठवलाय का, ते कळायला. पाठवला असेल तर झटक्याने रेघ हलणार नाही, कारण हलायला काही उरलेलंच नसतं. हात राखून पाठवला असेल, तर उरलेला जोर झटक्याने बाहेर पडतो आणि रेघ उडी मारते."

भिंगरीने मान डोलावली.

आधी डावा. ढकल. सदतीस. मुंगी चावली, आणि रेघ जागची हलली म्हणावी तर एका केसाएवढी.

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात हीच रेघ अर्ध्या पडद्याएवढी उडाली असती. आता काही शिल्लकच नाहीये. या पायाने होतं नव्हतं ते सगळं दिलंय तुला."

भिंगरीने खाली पाहिलं. डावा पाय अजून थरथरत होता. गुडघ्यावर ऑपरेशनची खूण होती, बारीक, गुलाबी. आठ महिने घरात सगळे या पायाबद्दल आजारी माणसाबद्दल बोलावं तसे बोलत आले होते, आणि तीसुद्धा. जिन्यावर ती आधी उजवा टाकायची. डाव्याला ती मनातल्या मनात 'लंगडोबा' म्हणायची. आणि या लंगडोबाने आत्ता केसाएवढंही हातचं राखलं नव्हतं.

"आता उजवा," मॅडम म्हणाल्या.

आता दोन वाटा होत्या. पूर्ण ढकललं तर रेघ शेहेचाळिसाला जाणार, आणि मघाचा चाळीस खोटा ठरणार. तेवढंच ढकललं तर मुंगी चावणार. विचार करायला वेळ नव्हता, कारण मॅडमनी 'ढकल' म्हटलं होतं.

चेहरा पूर्ण जोराचा. पाय चाळीस.

मुंगी चावली. रेघेने टुणकन उडी मारली, बेडकासारखी, आणि पडद्यावर तशीच उमटून राहिली.

बाहेर शिडी कशावर तरी खिदळत होती.

मॅडमनी चिकटपट्ट्या काढल्या, कापसाने मांडी पुसली आणि तारा नीट गुंडाळून पेटीत ठेवल्या. त्या सगळं करत होत्या तेवढा वेळ भिंगरीने त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. तो मोजणीच्या खुर्चीसारखाच होता, सरळ.

"याची दोन कारणं असतात," मॅडम म्हणाल्या. "कधी कधी एक गुडघा मोडला की मेंदू दुसऱ्या पायाचाही आवाज बारीक करतो. तसं असेल तर आपल्याला उजव्यालाही पट्टा बांधायला लागेल. आणि मग मला माझ्या बाकीच्या गुडघेवाल्यांचेही दोन्ही पाय या पेटीवर बसवायला हवेत. सहा जण आहेत. आजवर मी त्यांचे चांगले पाय चांगलेच धरून चालले होते."

"आणि दुसरं कारण?"

"दुसरं यंत्राला कळत नाही. रेघ दोन्हीत सारखीच उडते." त्यांनी फाईल मिटली. "ते पेशंटलाच कळतं."

त्यांनी कागद पुढे ओढला, त्यावर दोन्ही आकडे लिहिले, सदतीस आणि चाळीस, त्यापुढे टक्के लिहिले, आणि सहीची जागा कोरी सोडून कागद तिच्या हातात दिला.

"आकडे मोजले तसे लिहिलेत. सही उद्या करते. सकाळी नऊला ये, शाळेआधी. तोवर मी त्या सहा जणांच्या फाईली काढून ठेवते."

पायरीवर ढापणी आणि शिडीने तिला दोन बाजूंनी घेरलं.

"गणिताचं काय म्हणाल्या?"

"नक्की कुणाला माहीत नाही म्हणाल्या."

"म्हणजे तुझी आशा संपली," ढापणी चष्मा वर सारत म्हणाली. "आणि पाय? नव्वद झाले?"

"कागदावर झाले."

"कागदावरच पाहिजेत ना, वेडे. पळायला काय कागद लागतो? कागद लागतो सरांना." शिडीने तिच्या हातातला कागद घेऊन वाचला आणि तिला मिठी मारली. शिडीच्या मिठीत नेहमीच नाक तिच्या खिशाच्या बटणावर आदळायचं. भिंगरीने ते आदळू दिलं आणि ती काहीच बोलली नाही. ही एक गोष्ट दोघींना खटकायला हवी होती, कारण गेल्या वर्षभरात भिंगरी गप्प बसल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं. पण दोघी शनिवारी कोणते बूट घालायचे यावर भांडत होत्या.

घरी पोचेस्तोवर ती एक एक पाऊल लक्ष देऊन टाकत होती. डावा, उजवा, डावा. रस्त्यावरच्या एका दुकानाच्या काचेत तिने स्वतःला चालताना पाहिलं. लंगडत नव्हती. अठरापासून सदतीस. चार महिने, आठवड्यातून तीन दिवस, तीस आणि पंधरा आणि पंधरा आणि पंधरा. ती थांबली आणि मनात भागाकार केला. सदतीस भागिले शेहेचाळीस. ऐंशी टक्के. चार महिन्यांपूर्वी चाळीस टक्केसुद्धा नव्हते. चक्क दुप्पट झाले होते आणि तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. दहा दिवस ती दुसऱ्याच पायाच्या मागे लागली होती.

त्या सहा जणांतल्या एकाला ती ओळखायची. ट्रकवाले काका. त्यांचा उजवा गुडघा गेला होता आणि ब्रेक दाबायला तोच लागतो म्हणून ते रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. उद्या त्यांच्या धडधाकट पायालाही झटका आणि कदाचित पट्टाही लागणार होता, तिच्यामुळे. एरवीच ते तिसावा आकडा येईपर्यंत सगळ्या देवांची नावं घेऊन संपवायचे.

घरात शिरताच बाबांनी हात पुढे केला. "दाखव."

तिने कागद दिला. बाबांनी तो हातभर लांब धरून वाचला, मग चष्मा लावून वाचला.

"साडेब्याण्णव," ते आत ओरडले. "ऐकलं का, साडेब्याण्णव."

आई टॉवेलला हात पुसत बाहेर आली. तिच्या कानामागे प्लॅस्टरचा ठिपका होता. "मी शनिवारची रजा टाकलीय," ती म्हणाली. "आमचे साहेब म्हणाले, दात थांबतील, पोरीची शर्यत थांबणार नाही."

बाबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. इतक्या वर्षांची सवय त्यांच्या बोटांत होती. "याच्यावर सही नाही," ते म्हणाले. "शिक्काही नाही. नुसते आकडे आहेत."

"सही उद्या आहे. सकाळी नऊला."

"मग काय, झालंच."

"झालं नाही, बाबा. ते ब्याण्णव नाहीत. ऐंशी आहेत. उजव्या पायाने मी मुद्दाम कमी ढकललं."

आईचा टॉवेल हातातच राहिला. बाबा तिच्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या आवाजात तो कोरडा सूर आला, जो दुकानांत लागत असावा आणि घरात तिने कधी ऐकला नव्हता.

"हे कुणी सुचवलं तुला?"

भिंगरीने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. मग बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला, आधी एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. आईने तोंडावर टॉवेल धरला. हसू दाबताना तिचे खांदे किंचित हलत होते.

"दुखतोय का पाय?" चष्मा परत लावत बाबांनी विचारलं. आवाज पुन्हा घरचा झाला होता.

"नाही. मस्त आहे. डावा तर एकदम प्रामाणिक आहे, मॅडमनी झटका देऊन बघितलं." ती खुर्चीवर बसली नाही. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहिली आणि शाळेत निकाल वाचून दाखवतात तशा आवाजात बोलू लागली. "ऐका दोघं. सकाळी नऊला मी हा कागद परत देणार आहे आणि मॅडमना सगळं सांगणार आहे. त्या फाईली काढून बसायच्या आधी. परत मोजू म्हणाल्या तर परत मोजू, ऐंशी आले तर ऐंशी. शनिवारी मी धावणार नाही. आईने रजा ठेवावी, कारण मी मैदानावर जाणार आहे आणि तुम्हीही यायचंय. शेवटचा टप्पा नववीतली धावेल. पोरगी वाऱ्यासारखी पळते, फक्त बॅटन घेताना मागे वळून बघते. तेवढी तिची खोड मला शनिवारपर्यंत मोडायचीय."